मेन स्विच पाडण्याआधी

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळचे अकराच वाजले होते, पण नांदेडात पारा चाळिशी ओलांडून गेला होता. वसमतहून फोटो स्टुडिओवाल्या अण्णांचा फोन आला. "भाऊ, तिसरं हेड गेलं बघा. दोन वर्षांत तिसरं. हे मशीन हेड खायलंय का काय?" अण्णांचा आवाज थकलेला होता. ते चिडले असते तर मला सोसलं असतं, कारण त्यांच्या फोटो प्रिंटरची आधीची दोन्ही हेडं, म्हणजे कागदावर शाई सोडणारे भाग, मीच बदलली होती आणि दोन्ही वेळा पैसे खिशात घालून परतलो होतो.

सतरा वर्षं मी प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो. नांदेड, हिंगोली, परभणी या टापूतले बरेच फोटो स्टुडिओ माझ्याकडे आहेत. जवळजवळ प्रत्येक दुकानदाराने मला कधी ना कधी विचारलेलं आहे, की दोन कामांच्या मधल्या वेळात प्रिंटर चालू ठेवायचा का बंद करायचा. माझं उत्तर ठरलेलं असायचं. "रोज एक रंगीत प्रिंट काढा, काही होत नाही." अण्णांच्या दुकानातून तर रोज चाळीस-पन्नास प्रिंट निघत होते. तरी हेड चोक होत होतं.

दुकान मोंढ्याच्या रस्त्याला आहे. हळदीचा हंगाम असला की त्या रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूवर पिवळी पूड बसते, काउंटरच्या काचेवर बोट फिरवलं तरी दिसते. मला पहिला संशय तिचाच आला. आदल्या दोन खेपांनाही मी हाच संशय बोलून दाखवला होता आणि प्रिंटरवर कापड टाकायला सांगून निघालो होतो. कापड होतं, स्वच्छ धुतलेलं.

अण्णांच्या मुलाने नोझल चेकचा कागद पुढे ठेवला. हेडचं प्रत्येक नोझल, म्हणजे शाईचं भोक, चालतंय का ते या कागदावरच्या रेघांवरून कळतं. लाइट मॅजेंटाच्या, म्हणजे फिक्या गुलाबी शाईच्या, अर्ध्याहून जास्त रेघा गायब, लाइट सायनच्या, म्हणजे फिक्या निळ्या शाईच्या, काही तुटलेल्या. पासपोर्ट फोटोत हे लगेच कळतं. आपल्या लोकांच्या कातडीचा उजळ भाग बराचसा लाइट मॅजेंटावर उभा असतो, तो गेला की चेहरा हिरवट पडतो. सकाळीच एका बाईंनी लेकीचे फोटो परत केले होते. "कावीळ झाल्यावाणी दिसायली," म्हणाल्या. अण्णांनी पैसे परत दिले आणि ते फोटो फाडून टाकले. पन्नास वर्षं लोकांचे चेहरे छापणाऱ्या माणसाला ते किती लागलं असेल, ते त्यांच्या गप्प बसण्यातून समजत होतं.

हा सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर. प्रत्येक रंगाला ९० नोझल, म्हणजे एकूण ५४० भोकं, केसाहून बारीक. सगळ्यात लहान थेंब दीड पिकोलिटरचा. एक लिटर शाईचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. विजेचा झटका मिळाला की आतला स्फटिक किंचित वाकतो आणि थेंब बाहेर ढकलतो. दुसऱ्या जातीच्या प्रिंटरमध्ये हेच काम उष्णता करते. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक शाई भरलेल्या सिरींजच्या सुईला लागलं, सुईतून शाई उडाली, आणि त्यातून ती पद्धत निघाली असं सांगतात. हेड साफ करायला सिरींज हातात घेतली की मला हा किस्सा आठवतो. पण जात कुठलीही असो, भोकाच्या तोंडाशी आलेली शाई हवेला उघडीच असते. तिच्यातलं पाणी उडालं की ती घट्ट होते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पंख्याखाली, त्याला फार वेळ लागत नाही.

म्हणून काम नसताना हेड उजव्या कडेला जाऊन रबराच्या कॅपवर बसतं. कॅपमध्ये ओला स्पंज असतो, त्याने भोकांची तोंडं ओलसर राहतात. मी कॅप तपासली. रबराची कड साबूत, स्पंज ओला, हेड पुसणाऱ्या वायपरवर थोडी साय धरलेली, ती पुसून काढली. पंप शाई ओढत होता. सगळं जागच्या जागी. आदल्या दोन खेपांनाही असंच सगळं जागच्या जागी होतं.

आत बाप-लेकाचं वाजलं. मुलगा म्हणाला, "अण्णा रोज रात्री मेन पाडतात, त्याच्यामुळंच होतंय. चोवीस तास चालू ठेवा म्हणून किती सांगितलं." अण्णा म्हणाले, "शेजारचं कापडाचं दुकान माझ्या डोळ्यांदेखत जळालं. रात्री दीडला, शॉर्टसर्किट. मेन पाडल्याबिगर मला झोप लागत नाही." दोघेही माझ्याकडे बघू लागले. खरं तर दोघांपैकी कुणालाही खोटं ठरवावं असं माझ्याकडे काही नव्हतं. प्रिंटर कामाविना उभा असला की हेड आपोआप कॅपवर जाऊन बसतं, मग मेन पाडला तरी काय बिघडतं? असा माझा तेव्हाचा हिशेब.

नवं हेड माझ्या पिशवीत होतं. ते बसवायचं म्हणजे नव्या प्रिंटरच्या जवळपास निम्मे पैसे. पिशवीला हात लावला आणि मन घेईना. मी म्हणालो, "अण्णा, आज दुकान बंद होईस्तोवर मी इथंच बसतो. तुम्ही रोज करता तसंच सगळं करा."

दिवसभर गिऱ्हाईक होतं. दहावीच्या निकालाच्या आधीची गडबड, दाखल्यांचे फोटो, एक-दोन लॅमिनेशन. दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टर लागला. तेवढ्यात मुलगा दोनदा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करताना मला दिसला, वीज वाचावी म्हणून. मी माझा छोटा मीटर लावून दाखवला, नुसता उभा असताना तो साडेतीन वॅटच खात होता. महिनाभर अखंड ठेवला तरी अडीच युनिट. उलट चालू होताना तो हेडमधून थोडी शाई ओढून खालच्या, वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये टाकतो. दिवसातून सहादा बंद-चालू केलं तर विजेच्या बचतीपेक्षा जास्त पैशांची शाई पॅडात जाते, आणि पॅडचा काउंटर भरला की मशीन अडून बसतं.

रात्री नऊला शेवटचं गिऱ्हाईक गेलं. मुलाने कॉम्प्युटरवरून हेड क्लीनिंग लावलं. पहिलं हेड गेल्यापासूनची ही त्याची रोजची सवय, सकाळी रेघा तुटलेल्या दिसू नयेत म्हणून. कॉम्प्युटर बंद केला आणि तो शटरचा आकडा घ्यायला बाहेर गेला. प्रिंटर घर्र घर्र करत होता. अण्णांनी देवाच्या फोटोसमोरची उदबत्ती विझवली, गल्ल्याला कुलूप लावलं, इन्व्हर्टर बंद केला, आणि खाली वाकून मेन पाडला. घरघर मधेच तुटली.

मी मोबाइलची बॅटरी लावून झाकण उघडलं. हेड रुळाच्या मधोमध उभं होतं, कॅपपासून वीतभर लांब. बोटाने ढकललं तर सहज सरकलं. कॅपवर बसलेलं हेड असं सरकत नाही, ते तिथे अडकलेलं असतं. भोकं ओली, उघडी, आणि वर शटरचा तापलेला पत्रा. रात्रभर बारा तास.

मला तिथे खाली बसावंसं वाटलं. आदल्या दोन्ही खेपांना मी आलो तेव्हा प्रिंटर आधीच चालू केलेला होता. चालू झाला की तो पहिल्यांदा हेड जागेवर नेऊन बसवतो. म्हणून मला दरवेळी सगळं जागच्या जागी दिसत होतं. आणि जे क्लीनिंग मुलगा हेड वाचवायला लावत होता, तेच हेडला कॅपवरून उठवून उघड्यावर आणत होतं. त्या दोन मिनिटांत मेन पडत होता. रोज.

अण्णांना मी हेड दाखवलं, मग कॅप दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डार्करूममधी डेव्हलपरच्या बाटलीला बूच लावलं नाही तर सकाळी काढा झालेला असायचा, तपकिरी. मी बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावल्याशिवाय कधी घरी गेलो नाही." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे ह्याचं बूच मी रोज उघडं टाकत होतो."

मुलगा म्हणाला, "क्लीनिंग मीच लावायचो, अण्णा." त्यापुढे त्या दोघांत वाद झाला नाही.

मेन चालू केला. कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विडचे थेंब सोडले, प्रिंटर चालू करून हेड कॅपवर बसू दिलं आणि मग त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला. लुकलुकणारा दिवा विझेपर्यंत तिघेही उभे होतो. मग अण्णांनी मेन पाडला. मी सांगितलं, दिवसभर चालू राहू द्या, रात्री आधी बटण आणि मग मेन. रोजचं क्लीनिंग बंद. रेघ तुटलीच तर दोनदा क्लीनिंग, तिसऱ्यांदा नाही, रात्रभर तसंच ठेवायचं. दुकान आठवडाभर बंद राहणार असेल तर मधे कुणीतरी येऊन एक रंगीत प्रिंट काढायचा. जे मोठे, पिगमेंट शाईचे (म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचे) रोल प्रिंटर चालू असताना स्वतःहून ठराविक वेळाने शाई ओढून हेड मोकळं ठेवतात, त्यांच्या मालकांना मी चोवीस तास चालूच ठेवायला सांगतो. अण्णांच्या मशीनला त्याची गरज नव्हती, आणि त्यांच्या झोपेचंही बघायला हवं होतं.

त्या दिवसाची मजुरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने व्हॉट्सॲपवर नोझल चेकचा फोटो पाठवला, लाइट मॅजेंटाच्या चार रेघा अजून तुटलेल्या होत्या. चौथ्या दिवशी सगळ्या आल्या. नवं हेड माझ्या पिशवीतच राहिलं.

मेलेली म्हणून काढलेली आधीची दोन हेडं माझ्या कपाटात डब्यात पडून होती. ती काढून कोमट डिस्टिल्ड पाण्याच्या बशीत ठेवली, फक्त तोंडं बुडतील एवढ्या पाण्यात, आठवडाभर रोज पाणी बदलत. एकाचं काही झालं नाही. दुसऱ्याच्या ५४० पैकी ५४० रेघा उमटल्या. ते मी वसमतला नेऊन अण्णांच्या हातात दिलं.