घरी कोण बसणार?

विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबर २०२४ ला निघाली आणि आमची धावपळ सुरू झाली. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांपुढच्यांना घरी मतदान करता येतं, पण त्यासाठी १२-ड नमुन्यातला अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. बीड जिल्ह्यातली आमची संस्था लहान. गावोगाव जाऊन हे अर्ज समजावून सांगायचे, यादीत दिव्यांग म्हणून नोंद झाली आहे का बघायचं, शाळेच्या रॅम्पवर व्हीलचेअर खरोखर चढते का ते चढवून पाहायचं, असं आमचं काम. रॅम्प बहुतेक ठिकाणी असतो. तो जिथं संपतो तिथं वीतभर पायरी असते.

त्या दिवशी बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या ताईंबरोबर एका घरी गेलो. पोरगा चोवीस वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ, डावा हात तेवढा थोडा हलतो. बोलणं बाहेरच्याला कळत नाही, आईला शब्द न् शब्द कळतो. घरात सासू, दोन्ही डोळ्यांनी अधू. नवरा दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर निघणार. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. या घरातून कित्येक वर्षं अर्धाच कोयता जातो, कारण पोराला टाकून बाईला जाता येत नाही. मुकादमाकडून आगाऊ मिळणारी उचलही मग अर्धीच. त्या साली गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० ला, म्हणजे नवऱ्याचं मत तसंही गेल्यात जमा होतं.

बीएलओ ताईंनी अर्ज पुढे केला. म्हणाल्या, "इथं अंगठा उठवा त्याचा. साहेब घरी येतील, सोबत पोलीस, व्हिडिओवाला. घरच्या घरी मत. तुम्हाला कुठं हलायला नको."

आई म्हणाली, "मंग मह्या मताचं काय?"

"तुमचं शाळंत. बूथवर."

"अन् ह्याच्यापाशी कोण बसंल?"

इतक्या घरांत मी हा अर्ज समजावून सांगितला होता, पण असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. कर्मचाऱ्यांचं पथक घरापर्यंत येतं, मतपत्रिका आणतं, पडदा उभा करतं, आणि त्याच खोलीत रात्रंदिवस त्या माणसाचं सगळं करणारी बाई मतदार असूनही तिचं मत मात्र घेत नाही. नियमात ती बसतच नाही. अर्ज ज्याचा, मतपत्रिका त्याची. पोरगा झाल्यापासून तिनं मत दिलेलं नव्हतं. यादीत नाव होतं, कार्ड होतं, पण बोट कोरं.

तेवढ्यात पोरगा काहीतरी बोलला. आईनं सांगितलं, "त्यो म्हणतोय, मला शाळंत जायचंय. रांगंत." सहा वर्षांचा असताना त्याला त्या शाळेत नाव घालायला नेलं होतं आणि दारातूनच माघारी पाठवलं होतं. हे मला सासूनं सांगितलं, पोराकडे तोंड करून. तो हसला.

बीएलओ ताई काळजीनंच बोलत होत्या. म्हणाल्या, "सर, ऐनवेळी गाडी आली नाही तर दोघांचंही जाईल. हे तरी पक्कं होऊ द्या." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वरून त्यांना रोज विचारणा होत होती, किती अर्ज भरले. आणि एकदा १२-ड मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतदानाची खूण होते, मग बूथवर मत देता येत नाही. म्हणजे ठरवायचं ते तिथंच ठरवायचं होतं. मी पोराला विचारलं, आईला नाही. त्याचं उत्तर तेच. अर्ज कोरा राहिला.

घरपोच मतदानाची सोय मी स्वतः लोकांपर्यंत नेतो. जो कुशीवर वळू शकत नाही त्याच्यासाठी ती फार मोलाची आहे. पण ती सोय दाखवून माणसाला घरातच ठेवायला लागलो, तर शाळेचा रॅम्प दुरुस्त करायची गरज कुणाला वाटणार? दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ११ नं प्रत्येक मतदान केंद्र सुगम असण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकली आहे. ती घरी जाऊन मत घेतल्यानं फिटत नाही.

मग तयारी. एक अडचण अशी की ज्याला दिसत नाही किंवा हातानं बटण दाबता येत नाही त्याला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो, पण एका माणसाला एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. नियमामागचं कारण रास्त आहे, गावातला एखादा पुढारी दहा म्हाताऱ्यांचा सोबती होऊन बसू नये. पण या बाईच्या पदरात दोघं होते, सासू आणि लेक. शेवटी शेजारची बीएला शिकणारी मुलगी आजींच्या सोबतीला तयार झाली. मशीनवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, पण म्हातारपणी दृष्टी गेलेल्या बाईला ब्रेल कुठून येणार?

२० तारखेला सकाळी ऑटो घेऊन गेलो. आई नवं लुगडं नेसून बसली होती. पोराला दोघांनी उचलून ऑटोत घेतलं, आजी पुढच्या सीटवर. शाळेत व्हीलचेअर होती आणि रॅम्पच्या टोकाच्या पायरीवर आदल्या दिवशी मुरूम टाकून ठोकून घेतला होता. तहसीलनं मदतनीस म्हणून ओळखपत्र दिलेलं असल्यानं मला खोलीच्या दारापर्यंत जाता येत होतं.

दिव्यांगांना रांगेत थांबावं लागत नाही. लोकांनी वाट करून दिली, "घ्या घ्या, पुढं घ्या त्याला." पोरगा मान हलवून नको म्हणाला. आई म्हणाली, "थांबतोय त्यो." मग थांबलो. उन्हात, बाकीच्यांसारखे. पुढची-मागची माणसं आधी त्याच्या आईशी बोलत होती, नंतर नंतर त्याच्याशी बोलायला लागली.

आत गेल्यावर कार्ड काढायला आईनं कागदांची अख्खी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचं पालकत्वाचं प्रमाणपत्र होतं. बँकेच्या खात्यासाठी आम्हीच ते काढून दिलं होतं. एका उमेदवाराच्या वतीनं बसलेल्या पोलिंग एजंटनं ते पाहिलं आणि आवाज चढवला. "आईच पालक म्हटल्यावर ह्याला काय कळतंय? हे मत आईच टाकणार. मतिमंदाला मत नसतं."

खोलीतले सगळे थांबले. केंद्राध्यक्ष तरुण शिक्षक होते, प्रमाणपत्र हातात घेऊन वाचत होते. मला दारातून बोलायचा अधिकार नव्हता आणि ते न बोलणं मला जड गेलं. कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १६ प्रमाणे मनोविकल असल्याचं सक्षम न्यायालयानं जाहीर केलं असेल तरच नाव यादीत राहू शकत नाही. पालकत्व देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची असते, ती न्यायालय नव्हे. शिवाय हा पोरगा सगळ्या उमेदवारांची भाषणं मोबाइलवर ऐकून बसलेला.

केंद्राध्यक्षांनी कागद खाली ठेवला. एजंटला म्हणाले, "यादीत नाव आहे. तुम्हाला आक्षेप घ्यायचा तर फक्त ओळखीवर घेता येतो. हा तो माणूस नाही, असं म्हणणं आहे का? असेल तर दोन रुपये भरा, मी नोंद घेतो."

एजंट त्यांच्याच आळीतला. आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "सांगा की भाऊ. ह्यो त्योच हाय का दुसरा कुणी?"

त्यानं मान खाली घातली आणि यादी चाळायला लागला.

बोटाला शाई लागली. आईनं सोबत्याचं प्रतिज्ञापत्र भरलं, मत गुप्त ठेवीन म्हणून. पडद्याआड बराच वेळ गेला. मशीनचा लांब आवाज आला तेव्हा आजी बाहेरच्या बाकावरून ओरडल्या, "झालं का गं?" नंतर कळलं ते एवढंच की बटण त्यानं स्वतः दाबलं, आईनं फक्त कोपर धरला होता. मत कुणाला, हे आजींनी ऑटोत खोदून खोदून विचारलं. आईनं सांगितलं नाही. "म्या लिहून दिलंय," म्हणाली.

त्यानंतर तिचं स्वतःचं मत. ते अर्ध्या मिनिटात झालं.

मी आता प्रत्येक बैठकीत हा मुद्दा मांडतो. मतदानाच्या दिवशी काळजीवाहकाच्या जागी तासभर बसायला माणूस द्या. आशाताई, एनएसएसची मुलं, कुणीही. आणि उमेदवारांना विचारा की दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेल्या काळजीवाहक भत्त्याचं काय झालं. कायद्यात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, त्या मर्यादेत ही बाई कधी येणार? तेव्हा घरात येत होते ते संजय गांधी योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. तिच्या कामाचा त्यात एक रुपया नाही.

दुपारी परत निघायच्या बेतात असताना पलीकडच्या वाडीवरून फोन आला. एका बाईनं आमच्या ऑटोची गोष्ट ऐकली होती. तिच्या अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं मत घरी घेऊन झालं होतं, तिचं राहिलं होतं. "दादा, गाडी नगं मला. घरी बसाया कुणी हाय का?"

आजींची सोबतीण झालेली ती बीएची मुलगी माझ्याबरोबर ऑटोत बसली. वाडीचा रस्ता खराब, पोचायला संध्याकाळ झाली. मुलगी आत गेली, नवऱ्याला पाणी कधी, कुशीवर कधी वळवायचं ते बाईनं तिला भराभर सांगितलं आणि चपला घालून धावतच शाळेकडे निघाली. सहा वाजता दार बंद झालं तेव्हा ती रांगेत सर्वांत शेवटी उभी होती. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या देतात आणि त्या मागून पुढे वाटतात. पहिली चिठ्ठी तिच्या हातात पडली.