महापालिकेची पेन्शन केस: माझा अनुभव

31 मे जवळ आली की महापालिकेच्या लेखा विभागाला घाम फुटतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख 1 जून लिहिली, अशी आमची अख्खी पिढी आहे. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मीही त्यातलाच. 

याचा तिजोरीवर काय भार पडतो ते मांडून पाहा. शेवटचे मूळ वेतन 40,000 आणि सेवा 33 वर्षे धरा. पेन्शन निम्मी, म्हणजे 20,000. तिच्यातली जास्तीत जास्त 40 टक्के ‘विकता’ येते, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी घेता येतात (यालाच अंशराशीकरण म्हणतात). ते झाले 8,000. अंशराशीकरणाच्या तक्त्यात पुढच्या वाढदिवसाचे वय 59 असेल तर गुणक 8.371. म्हणून 8,000 × 12 × 8.371 = 8,03,616. ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला पाव पगार, कमाल साडेसोळा पट, म्हणजे 6,60,000. एका माणसाचे 14,63,616 रुपये झाले. असे 20 जण एकाच दिवशी बाहेर पडले तर जवळपास 2 कोटी 93 लाख, आणि शिल्लक अर्जित रजेचे पैसे वेगळे.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला कोषागारातून पैसे मिळतात, महापालिकेला ते स्वतःच्या उत्पन्नातून काढावे लागतात. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. 2017 पासून जीएसटीची नुकसानभरपाई येते, ती 2016-17 हे वर्ष पाया धरून दरसाल 8 टक्के वाढवून. मालमत्ता कराची वसुली रखडली की ही दरमहाची रक्कम पगार आणि पेन्शनमध्येच संपते. मासिक पेन्शन सहसा सुरू होते, अडकतात ती ग्रॅच्युइटी आणि विक्रीची रक्कम. निधी येईल तसे मंजुरीच्या क्रमाने धनादेश निघतात. म्हणून आपला नंबर रांगेत वर कसा राहील एवढेच आपल्या हातात असते, आणि तो ठरतो सेवापुस्तकावर, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकावर.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी आस्थापना विभागात अर्ज देऊन सेवापुस्तक पान न पान वाचा. माझ्या पुस्तकात मधल्या तीन वर्षांची सेवा पडताळणीची नोंदच नव्हती. त्या काळातली वेतन देयके अभिलेखातून काढून नोंद करून घ्यायला चार महिने गेले. स्थायित्व प्रमाणपत्र, भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट, जात वैधता, ग्रॅच्युइटीचे नामनिर्देशन, पत्नीचे नाव आधारवर आहे तसेच, हे सगळे तेव्हाच तपासा. विनावेतन रजा वैद्यकीय कारणाने होती की नाही, हेही पाहा, कारण त्यावर तो काळ पेन्शनला धरायचा की नाही ते ठरते. रोजंदारीचा काळ धरला जाईल अशा भरवशावर हिशेब करू नका.

सर्वात जास्त आक्षेप निघतात ते वेतननिश्चितीवर. पाचवा, सहावा, सातवा वेतन आयोग, कालबद्ध पदोन्नती, आणि लिपिकांच्या बाबतीत एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा. ती परीक्षा 31 डिसेंबर 2007 पर्यंत झाली नसेल तर वेतनवाढींची वसुली निघते. पंधरा-सोळा वर्षांची अतिप्रदान (जादा दिलेली) रक्कम ग्रॅच्युइटीतून वळती करण्याचा शेरा मुख्य लेखापरीक्षकाकडून आला की माणूस हादरतो. इथे सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह प्रकरणाचा डिसेंबर 2014 चा निकाल कामी येतो: गट क आणि ड मधले कर्मचारी, तसेच निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, यांच्याकडून अशी वसुली नको. पण जगदेव सिंग प्रकरणात 2016 मध्ये न्यायालयाने म्हटले, वेतननिश्चितीच्या वेळी हमीपत्र दिले असेल तर वसुली होऊ शकते. ते हमीपत्र आपण सगळ्यांनीच डोळे झाकून सही करून दिलेले असते. म्हणून चूक असलीच तर ती नोकरीत असतानाच, हप्त्यांनी, मिटवून टाकलेली बरी.

प्रस्तावासोबत ना-देय दाखले लागतात: पाणीपट्टी, भांडार, निवासस्थान, सोसायटी. प्रत्येक दाखल्याची झेरॉक्स आणि आवक क्रमांक स्वतःकडे ठेवा. प्रस्ताव लेखापरीक्षणात अडकला तर तात्पुरत्या पेन्शनचा अर्ज लगेच द्या. विभागीय चौकशी नसेल तर ग्रॅच्युइटीच्या उशिरावर व्याज मागता येते, 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत त्यासाठी नियम 129-अ आहे. निधी नाही हे प्रशासकीय विलंबाचे समर्थन होत नाही, असे मी अर्जातच लिहिले होते.

एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. विकलेल्या भागाची कपात ती रक्कम हातात पडल्यावरच सुरू व्हायला हवी. माझ्या पहिल्याच महिन्यात 40 टक्के कापले होते, विक्रीचे पैसे मात्र नव्हते. अर्ज केल्यावर फरक मिळाला. कपातीची तारीख पेन्शन आदेशावर लिहून घ्या, 15 वर्षांनी पूर्ण पेन्शन तिथूनच मोजली जाते. महागाई भत्ता मात्र विक्रीपूर्वीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, कपातीनंतर उरलेल्या रकमेवर नाही. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर विक्रीसाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), शासनाच्या दराने कर्मचाऱ्याचे 10 आणि नियोक्त्याचे 14 टक्के. जुन्यांची पेन्शन चालूच, त्यात नव्यांचा हिस्सा दरमहा आधीच भरायचा, म्हणजे महापालिकेला काही वर्षे दुहेरी भार. हाताशी पैसा नसला की आधी भरणा लांबतो. पगारातून कपात झाली आणि प्रान खात्यात (कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात) जमा नाही, तर त्या महिन्यांचा परतावा बुडतो. दर तिमाहीला खात्याचे विवरण पगाराच्या पावतीशी ताडून पाहा. ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची होती, त्यांनी 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने दिलेला जुन्या पेन्शनचा विकल्प आपल्या महापालिकेने लागू केला का, हे आस्थापनेकडून लेखी घ्यावे, आणि जाहिरातीचे मूळ कात्रण जपून ठेवावे.