मशीन तर केव्हाच निघालंय, मग संशोधन कशाचं?

“डायलिसिसचं मशीन तर केव्हाच निघालंय की. मग तुम्ही अजून संशोधन कशाचं करता?”

हा प्रश्न मला प्रवासात शेजारच्या सीटवरून आलाय, मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडून आलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ कोरता कोरता विचारलाय. तेव्हा तोंडात कापूस होता म्हणून सुटले. एरवी “चालू असतं काहीतरी” असं म्हणून मी विषय बदलते, कारण खरं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. पण आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेच.

आधी एक कबुली. मला ते मशीन साधं दुरुस्तही करता येत नाही. अलार्म वाजला की मी बाजूला सरकून टेक्निशियनला वाट करून देते. नवी मशीन, खिशात मावेल अशी किडनी, यांवर काम करणारी मंडळी वेगळी. मी त्यांच्यातली नाही.

आणि विचारणाऱ्यांचं चुकत नाहीच. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने 1943 साली, देशावर जर्मनांचा ताबा असताना, काम्पेन गावच्या छोट्या रुग्णालयात हे यंत्र चालवून दाखवलं. सॉसेजच्या आवरणासाठी मिळणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या ड्रमवर गुंडाळायची, तिच्यातून रक्त खेळवायचं आणि ड्रम खारट पाण्याच्या टबात फिरवत ठेवायचा. सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे दगावले. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि जगली. पण ते तात्पुरत्या बिघाडापुरतं होतं, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी खर्ची पडायची. 1960 साली सिॲटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली आणि तेच तेच डायलिसिस वर्षानुवर्षं करणं शक्य झालं. 1966 मध्ये फिस्टुला आला. हातातली शीर धमनीला जोडायची, की ती फुगते आणि तिच्यात सुया टोचता येतात. फिस्टुलावर बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली की चालू आहे, नाही लागली तर धावपळ.

म्हणजे वस्तू तयार आहे. ती वापरायची कशी, हे मात्र ठरायचंच राहिलं.

आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. बहुतेक ठिकाणी हेच वेळापत्रक चालतं. ते कुठल्या मोठ्या चाचणीतून सिद्ध झालंय असं तुम्हाला वाटत असेल. नाही झालेलं. 1960 च्या दशकात अनुभव, अंदाज आणि बेडची सोय यांतून ते बसत गेलं आणि मग तसंच राहिलं. आठवड्याचे तास 168, त्यांतले 12 मशीनवर. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर सोडतात. हे काम त्या झोपेतसुद्धा करतात. मशीन तेच 12 तासांत उरकायला बघतं, आणि तेही अर्धवटच. शिवाय सात दिवसांत तीन डायलिसिस बसवली की कुठेतरी दोन दिवसांची मोठी खाच पडते. 2011 साली अमेरिकेतल्या 32 हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या खाचेनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने रुग्णालयात भरती होणं, दोन्ही जास्त दिसलं. कॅलेंडरच्या रचनेमुळे माणसं मरतात हे वाचून मी त्या रात्री नीट झोपले नव्हते.

‘वाढलेलं पाणी’ हा शब्दप्रयोग रुग्णांच्या तोंडी कायम असतो. लघवी जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. समजा 60 किलोच्या माणसाचं तीन लिटर पाणी चार तासांत काढायचंय. म्हणजे दर तासाला किलोमागे साडेबारा मिलिलिटर. तेरापलीकडे गेलं की धोका वाढतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, तेव्हा आपण काठावरच उभे आहोत. मशीन पाणी ओढतं ते रक्तातून. अंगात मुरलेलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि हृदयाच्या भिंतीचे काही भाग तेवढ्यापुरते नीट आकुंचन पावेनासे होतात. तिसऱ्या तासाला वॉर्डमध्ये फेरी मारा, कोणाच्या पायाखाली उशी गेलीय, कोण पोटरी चोळून घेतंय, हे दिसेल.

मग साधी गोष्ट करा ना, जास्त सफाई करा! आम्हालाही तसंच वाटत होतं. डायलिसिस पुरेसं झालं का, हे आम्ही युरियावर, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या रक्तातल्या एका टाकाऊ पदार्थावर मोजतो, कारण युरिया मोजायला सोपा. मग युरिया आणखी धुवून काढला तर माणूस आणखी जगेल, हे कोणालाही पटेल. अमेरिकेत 1846 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2002 मध्ये निकाल आला: जास्त डोस दिलेले आणि नेहमीचा डोस दिलेले, मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. सोपं म्हणून जे मोजत होतो ते ठरावीक मर्यादेपलीकडे कामाचं नव्हतं.

रक्ताचंही तेच. किडनी बिघडली की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. ते इंजेक्शनने मिळू लागलं तेव्हा रक्त भरायच्या पिशव्यांपासून लोकांची सुटका झाली, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण मग विचार पुढे गेला, हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं का नको? हृदयविकार असलेल्या 1233 डायलिसिस रुग्णांवर करून बघितलं. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ज्यांचं हिमोग्लोबिन चढवलं होतं त्या गटात मृत्यू कमी होईनात, उलट जास्तच दिसत होते, आणि फिस्टुला आणि ग्राफ्टमध्ये (म्हणजे फिस्टुलाऐवजी बसवलेल्या कृत्रिम नळीत) गुठळ्याही जास्त झाल्या. 1998 सालची गोष्ट. लॅबच्या कागदावरचा आकडा सुंदर करायच्या नादाला मी तेव्हापासून घाबरते.

‘फरक नाही’ सांगणारे सगळेच निकाल वाईट नसतात बरं. “क्रिएटिनिन वाढलंय, आत्ताच डायलिसिस सुरू करू, मग उशीर होईल” हे वाक्य किती घरांत ऐकलं गेलं असेल. (क्रिएटिनिन म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आणखी एक टाकाऊ पदार्थ.) ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 828 जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला लवकर सुरू केलं, दुसऱ्याला तब्येत कुरकुर करेपर्यंत नीट देखरेखीखाली थांबवलं. 2010 मध्ये निकाल आला: जगण्यात फरक नाही. थांबलेल्यांना सरासरी साडेपाच महिने मशीनशिवाय मिळाले. साडेपाच महिने! कुठल्याही नव्या औषधाने एवढं दिलं असतं तर पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं असतं. ‘काही दिवस काही करू नका’ ही बातमी कोण छापणार?

(“किडनी बिघडूच नये म्हणून काही करा की” हा या प्रश्नाचा धाकटा भाऊ. तिकडेही काम चाललंय, आणि गेल्या काही वर्षांत साखरेसाठी काढलेल्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे, मधुमेह नसलेल्यांच्याही किडनीचा ऱ्हास मंदावतात हे नीट सिद्ध झालंय. तो माझा विषय नाही, म्हणून पुढे जाते.)

माझा विषय एकाच प्रश्नाचा आहे. तुम्ही मला तुमचा प्रश्न विचारता त्याहून जास्त वेळा मी तो रुग्णांना विचारते. 2006 साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की रुग्णाला एवढंच विचारलं तरी बरंच कळतं: डायलिसिसनंतर सावरायला तुम्हाला किती वेळ लागतो? ना सुई, ना यंत्र. पुढे बारा देशांत सहा हजारांवर लोकांना हे विचारलं, तेव्हा चारांत एकाहून जास्त जणांनी सहा तासांपेक्षा जास्त सांगितलं. ज्यांना जास्त वेळ लागतो ते पुढे जास्त वेळा भरती होतात आणि जास्त मरतात, हेही दिसलं. आणि कशाला जास्त महत्त्व द्यावं हे रुग्णांना विचारलं, तेव्हा प्रवास करता येणं, मशीनविना मिळणारा वेळ आणि डायलिसिसनंतरचं गळून जाणं यांना त्यांनी डॉक्टरांपेक्षा वरचं स्थान दिलं. आमच्या यादीत मृत्यू वर होता. त्यांनाही मरायचं नव्हतं, पण उरलेले 156 तास कसे जातात ते कुणी विचारतच नव्हतं.

मग मी विचारायचं ठरवलं आणि पहिल्याच झटक्यात आपटले. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली आणि ती चौथ्या तासाला वाटली. म्हणजे बीपी पडलेलं, हाताला सुया, आणि समोर माझे चाळीस प्रश्न. निम्म्या लोकांनी शेवटच्या पानावर सरसकट एकच रकाना टिक केला होता. ते सगळं बाजूला ठेवलं आणि एकाच प्रश्नावर आले. मराठीत तो मी असा लिहिला: ‘डायलिसिसनंतर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो?’

खिडकीजवळच्या बेडवर एक निवृत्त शिक्षक असतात, त्यांना सगळे सरच म्हणतात. त्यांचं उत्तर एका खेपेला ‘6 तास’ आणि दुसऱ्या खेपेला ‘20 तास’. एवढा फरक कसा पडला, म्हणून विचारायला गेले.

“मागच्या वेळी झोप धरली नव्हती,” ते म्हणाले. “धरायची का?”

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन आडवा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तेव्हा तो सावरायला सोळा तास लागले, की तो फक्त झोपला? तीन महिन्यांची उत्तरं माझ्याकडे होती, आणि त्यांतली कोणी झोप धरून दिली होती नि कोणी सोडून, काही कळायला मार्ग नव्हता.

“आणि हे ‘पूर्ववत’ काय आहे?” त्यांनी डाव्या हाताने फॉर्म पुढे केला, उजव्यात सुया होत्या. “पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? सकाळी इथे आलो तसं, की आजारी पडायच्या आधी होतो तसं? दुसरं असेल तर मी तिथे ‘कधीच नाही’ लिहायला हवं.”

नवा फॉर्म आम्ही असा केला: ‘डायलिसिसनंतर नेहमीच्या कामाला लागायला किती वेळ लागतो? (झोप धरून)’. छापण्याआधी तो सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचला आणि झोपेचं ठीक आहे म्हणाले. मग समोरच्या बेडवरच्या आजींकडे मान वळवून हळूच विचारलं, “आणि ज्यांना कुणी कामच करू देत नाही, त्यांनी काय लिहायचं?”

तर सध्या संशोधन ‘काम’ या शब्दाशी अडलंय. फॉर्म अजून छपाईला गेलेला नाही.