आमची वाटचाल : गुंजेपासून जावळापर्यंत

आमची सुरुवात गुंजेपासून झाली. माझी जाऊ सराफाच्या घरातली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे तिला लहानपणापासून पाठ. तिला गुंजांची माळ करून विकायची होती. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून आडवी आले. गुंजेत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. टरफल शाबूत आहे तोवर ते आतच राहतं, पण ओवायला भोक पाडलं की उघडं पडतं, शिवाय भोक पाडणाऱ्याच्या नाकातोंडात भुकटी जाते ती वेगळीच. मग भोक न पाडता गुंज गळ्यात घालायची कशी? यातूनच काचेच्या गोळ्याचं लॉकेट निघालं आणि आजवरचा आमचा सगळा धंदाही.

गोळे आधी रविवार पेठेत शोधले. बोहरी आळीत मण्यांच्या दुकानांतून पोकळ गोळे मिळायचे, पण पातळ. टोपी बसवताना तोंडाशीच चिरायचे. पुढे प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं करणारे एक काका भेटले. ते बोरोसिलिकेटची नळी गॅसच्या ज्योतीत फिरवत राहतात, ती मऊ पडली की बाहेर काढून फुंकतात. फुंकतानाही हात फिरताच असतो, थांबला की गोळ्याला एका बाजूने पोट सुटतं. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून ज्योतीतून एकदम बाहेर काढली तरी सहसा तडकत नाही. गोळा मोठ्या बोराएवढा, तोंड ४ मिलिमीटरचं. मी एकदा म्हटलं, “काका, तोंड अजून बारीक करा ना, छान दिसेल.” ते म्हणाले, “मग भरणार काय ताई, हवा?”

टोपी पितळेची किंवा चांदीची, वर कडी. झटपट चिकटणारा गोंद इथे चालत नाही. त्याची वाफ काचेला आतून पांढुरकी बसते आणि ती पुसायला आत बोट जात नाही. आम्ही दोन भागांचा इपॉक्सी वापरतो. तो सावकाश वाळतो, तोवर गोळे वाळूच्या ताटात उभे. साखळी नको असेल तर पेठेतल्या पटवेकऱ्यांकडून काळ्या दोऱ्यात गाठवून देतो.

खरं काम मात्र भरण्याचं, आणि त्यात कोरडेपणाला जितकं महत्त्व तितकं कशालाच नाही. आत दमट हवा कोंडली की थंड रात्री काच आतून धुरकट होते, पुढे बुरशी. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही गोळे बंद करत नाही, फक्त टोप्या आणि कड्यांचं काम. बाकीच्या महिन्यांतही आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. केशरी दाणे हिरवे पडले की त्यांनी ओल प्यायली. ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायचे. प्राजक्ताचं अख्खं फूल तोंडातून जात नाही आणि पाकळ्या वाळून तपकिरी होतात, म्हणून नुसते देठ भरतो. उन्हापासून जपले तर केशरी रंग टिकतो. कासच्या फुलांची मागणी दर वर्षी येते. तिथे फुलं तोडायला मनाई आहे आणि ती आम्हाला मान्य आहे.

धंदा उभा राहिला तो हलव्यावर. संक्रांतीचे हलव्याचे दागिने सुंदर दिसतात, पण बोरन्हाण झालं की डब्यात जातात, ओल धरतात, मुंग्या लागतात. जावेच्या मनात आलं, हलवाच गोळ्यात घालू. तिळावरचा काटेदार हलवा गोळ्याच्या तोंडात अडकायचा आणि ढकलला की काटा मोडायचा, आणि काटा मोडला तर त्याला हलवा कोण म्हणणार! म्हणून खसखशीवरचा घेतला. शेजारच्या काकू मंद शेगडीवर पाकाचा थेंब थेंब सोडत बोटांनी दाणे हलवत बसतात. दाणा कागदाच्या नरसाळ्यातून घरंगळत आत जातो तेव्हा बारीक टिकटिक ऐकू येते. ओला असेल तर तीही येत नाही, तिथेच चिकटतो. काळ्या चंद्रकळेवर हा पांढरा गोळा असा काही उठून दिसतो की पहिल्या संक्रांतीसाठी सासवाच मागवू लागल्या.

जावळाची मागणी बाळांच्या आयांकडून आली. केस सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, रेशमाच्या धाग्याने बांधून भरतो. टोपीशी नाव बांधल्याशिवाय दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही, हा जावेचा कडक नियम. अस्थी भराल का, असंही लोक विचारतात. आम्ही नाही म्हणतो. त्यात धर्माचा प्रश्न नाही. घरात चार भावंडं असतात आणि गोळा एकालाच मिळतो.

परदेशातल्या मराठी मंडळींना गावची माती हवी असते. ऑस्ट्रेलियात माती आणि बिया यांबाबत नियम फार कडक आहेत, म्हणून तिकडे आम्ही रिकामा गोळा, सुटी टोपी आणि इपॉक्सीच्या सूचना पाठवतो. आत काय भरायचं ते त्यांनी तिकडेच ठरवावं.

हलव्याच्या गोळ्यांची मागणी मार्गशीर्षातच नोंदवा. पौष लागला की काकूंच्या शेगडीपुढे आमचं काही चालत नाही.