वर्षाच्या आत हात ठरत नसतो

दहा महिन्यांच्या बाळाबद्दल ‘आमचा डावरा आहे’ असं कोणी सांगितलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. या वयात मुलं दोन्ही हातांनी पसारा घालतात. इतक्यातच एका हाताने सगळा कारभार घेतला असेल, तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघावं लागतं.

डिसेंबरातली गोष्ट. द्राक्षाची विरळणी चालू असते, पेठ-सुरगाण्याची माणसं कामाला गिरणाऱ्यात उतरलेली असतात. त्यांतलीच एक बाई मोठ्या मुलीचे कान तपासायला नाशिकला आमच्याकडे आली होती. मी फिजिओथेरपिस्ट. फिजिओथेरपीत तिचं काहीच काम नव्हतं. बाहेर बाकावर बसली होती आणि मांडीवरच्या धाकट्याच्या हातातलं बिस्कीट उजवीकडे पडलं. त्याने अख्खं अंग वळवून डावा हात तिकडे नेला. उजवी मूठ छातीशीच, अंगठा आत दाबलेला.

“उजव्या हाताने घेत नाही का हा?”

“डावरा आहे ना ताई. आजोबांवर गेलाय.” कौतुकाने सांगत होती.

आत घेतलं. बगलेत धरून गादीकडे एकदम झुकवलं, की या वयाचं मूल पडू नये म्हणून दोन्ही हात पुढे टाकतं. याचा डावाच आला. उजवा घोटाही ताठ. झटके कधी आले का, तर नाही. उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे अर्ध्या अंगाचा लकवा, मला दिसत होता. बाळंतपणाच्या आगेमागे मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की असं होतं, आणि पहिले काही महिने बाळ अगदी ठणठणीत वाटतं.

तिच्या पिशवीत गावाकडच्या तपासणीचा कागद होता. बाळाचा विकास वेळेवर होतोय का हे बघायचा त्रिवेंद्रम तक्ता, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मुद्दे फक्त १७. त्यातला एक म्हणजे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेणं. त्यावर ‘होय’ची खूण. हे आईला विचारून भरलं होतं, बघून नाही, याबद्दल मला शंका नाही. पाड्यापाड्यांवर गाडी नेणाऱ्या तपासणी पथकांचे हाल मला माहीत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची आहेत, आणि माणसं कमी. तरीही बाळाच्या हातात पेन द्यायला किती वेळ लागतो?

“तेल लावून जोरात चोळू का?” तिने विचारलं. नाही. ताठ स्नायूला जोर दाखवला की तो आणखी ताठ होतो. मूठ उघडताना अंगठ्याचं टोक कधीही ओढायचं नाही, तिथला सांधा सैल पडतो. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या गादीला धरून हळूच बाहेर घ्यायचा. मी एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा तिनेच केलं, आणि इतकं अलगद की मी बघत राहिले. दिवसभर घडातले मणी काढणाऱ्या बोटांना वेगळं काय शिकवायचं?

मग तिच्या दिवसात बसेल असंच ठरवलं. मांडवाखालच्या झोळीत खुळखुळा उजव्या बाजूला बांधायचा. दुपारच्या सुट्टीत बाळाला मांडीवर आडवं पालथं घालून उजवा तळवा जमिनीवर टेकवायचा. खेळताना थोडा वेळ डाव्या हातावर मोजा चढवायचा, मग दोन्ही हात लागतील असं काहीतरी: मोठा चेंडू, टाळ्या, भाकरीचा तुकडा मोडणं. या वयात मेंदूतले रस्ते वापराने पक्के होतात. न वापरलेला हात नुसता मागे पडत नाही, त्याची जागाही दुसरा घेतो.

मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. एमआरआयचा दिवस म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. नवरा मुकादमाशी बोलला, गेले. निदान तेच निघालं.

त्यानंतर ती येते, जमेल तशी. हाताची मूठ आता बराच वेळ उघडी असते. पण उन्हाळ्यातली द्राक्षाची खरड छाटणी आटोपली की ही माणसं गावी परततात, आणि तिथून नाशिकला दर आठवड्याला कोण येणार? ‘फॉलोअपला येत नाहीत’ हे वाक्य आमच्या बैठकीत फार सहज बोललं जातं. मला त्याचा राग येतो. हंगाम कधी सुरू होतो, कधी संपतो, हे नाशकात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फाइल कुटुंबाबरोबर तालुक्याला जावी आणि थंडीत पथकाने मजुरांच्या मुक्कामीही तपासणी करावी, असं मी लेखी दिलंय. उत्तर यायचं आहे. तोवर तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ घालून ठेवतेय, नेट नसलं तरी दिसतील असे.