साथ आल्यावर कोणाचे ऐकावे?

आज सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या महिलांशी २०२० च्या टाळेबंदीविषयी बोलणे झाले. त्यांतल्या एक अक्का म्हणाल्या, "रोग कसा पसरतो ते डॉक्टरांनी सांगावं, पण पान-तंबाखू मिळालं नाही तर चूल कशी पेटणार, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही." मोबदला हजार विड्यांमागे मिळत असल्याने काम थांबले की कमाईही थांबते, यंत्रमागावरही फारसे वेगळे नाही.

प्लेगच्या काळात घाईने झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले, परंतु ते वापरताना कोणाचा सल्ला घ्यावा याबाबत तो मौन बाळगतो. माझ्या मते संसर्गाचा अंदाज साथरोगतज्ज्ञांनीच द्यावा, त्यात राजकारण्यांनी (आणि व्हॉट्सॲपवरील वैद्यांनी) ढवळाढवळ करू नये. मात्र कोणता तोटा कोणी सोसायचा हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नसून, तो लोकांनी निवडून दिलेल्यांनी कारणे जाहीर करून सोडवायचा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि या प्राधिकरणाला सल्लागार समित्या नेमता येतात. अशा समितीत डॉक्टरांच्या शेजारी विडी कामगार महिलांची एक खुर्ची ठेवायला नवा कायदा लागत नाही.