लुटारू बंद केले त्या दिवशी

आमच्या गेममधला नाणेघाट लुटारूंनी भरलेला होता. काळ सातवाहनांचा. कोकणातून माल घेऊन जुन्नरकडे चढणारा तांडा आणि त्याचा राखणदार म्हणजे खेळणारा. दर वळणाला चकमक. घाटातली वाट, कडे, पाण्याची टाकी, झाडी रचायचं काम माझं. मी लेव्हल डिझायनर. एव्हाना गोष्ट दोनदा बदलून झाली होती, प्रकाशकाने हात आखडता घेतला होता आणि टीममधले बरेच जण दुसरीकडे गेले होते. उरलेल्या पैशांत तलवारबाजी धड होणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त तोंडाने कोणी म्हणत नव्हतं.

शेवटी आमची लीडच म्हणाली, "लुटारू बंद करून बिल्ड काढ, म्हणजे खेळून बघता येईल अशी प्रत. संध्याकाळी सगळे बसून खेळू."

बंद करणं म्हणजे काही टिक काढायचे. जेवणाआधी झालंसुद्धा.

संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर लावलं. छान, शांत वाटेल अशी माझी कल्पना. कसलं काय! आमचा राखणदार निर्मनुष्य घाटात गुडघे वाकवून, तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा, कारण त्याला उभं राहायची दुसरी तऱ्हाच दिलेली नव्हती. कॅमेरा त्याच्या खांद्याला चिकटलेला, त्यामुळे शेजारी एवढा जीवधन किल्ला उभा, पण दिसतो फक्त पायथा. चालायचं बटण नाहीच, सतत धावणं. थोडं गेलं की एक गोल मोकळी जागा, भोवती कमरेएवढे दगड, लपायला अगदी सोयीचे. सह्याद्रीत इतकी सोय कुठे असते! संगीताचा शांत तुकडा जेमतेम चाळीस सेकंदांचा, कारण त्याहून जास्त वेळ आमच्या गेममध्ये कोणी शांत राहिलेलंच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा वाजायला लागला तेव्हा साउंडवाल्यानेच उठून आवाज बंद केला.

घाटमाथ्यावर गंमत झाली. तिथे जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. आमच्याकडे तो फोडला की आरोग्य वाढायचं, म्हणजे इतके महिने आम्ही लोकांकडून दोन हजार वर्षांपूर्वीचा वारसा फोडून घेत होतो. लेण्यात तर लुटारूंचा म्होरक्या असायचा. तो गेल्यावर खेळणारी टेस्टर पहिल्यांदाच भिंतीकडे वळली. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथला; यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं म्हणजे नाणी, सगळं आकड्यांसकट कोरलेलं. ती वाचायला जवळ गेली आणि भिंतीवर नुसता करडा गिचमिडा. मारामारीत तिकडे बघतंय कोण, म्हणून आम्ही तिथे हलकं टेक्श्चर, म्हणजे कमी तपशिलाचं चित्र लावलं होतं.

"झालं, वॉकिंग सिम्युलेटर," मागून एक प्रोग्रामर बोलला. ज्यात चालण्यापलीकडे काही करायचं नसतं अशा गेमला आमच्या धंद्यात दिलेली ही जुनी शिवी.

लीडने मग 'जर्नी'चं उदाहरण काढलं. २०१२ चा प्लेस्टेशन ३ वरचा गेम, वाळवंटातून डोंगराकडे चालत जायचं, एवढंच. तोही सुखासुखी झाला नव्हता, काम लांबत जाऊन कंपनीकडचे पैसे संपले होते. सुरुवातीच्या नमुन्यात दोन खेळाडू एकमेकांना ढकलू शकायचे. वाटलं होतं मदत करतील; लोक एकमेकांना खड्ड्यात ढकलायला लागले. तेव्हा ढकलणं काढून टाकलं आणि जवळ आलं की दोघांच्या उपरण्यांत बळ भरेल असं केलं. "त्यांनीही नुसतं काढलं नाही," ती म्हणाली, "त्या जागी काहीतरी ठेवलं."

मला समुद्राखाली जगायचा 'सबनॉटिका' हा गेम आठवत होता. बंदुका द्यायच्याच नाहीत हे त्यांनी ठरवून केलं, २०१२ मधल्या सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर. पण बंदूक नाही म्हणजे भीती नाही असं समजू नका. तिथल्या समुद्रात रीपर नावाच्या राक्षसी प्राण्याची आरोळी ऐकून मी हेडफोन काढून ठेवलेत.

या सगळ्यात लढाईचा डिझायनर गप्प होता. त्याचं जवळपास सगळं काम त्या टिकांबरोबर गेलं होतं. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, "तांड्यातले बैल आत्ता कसे चालतात रे?"

"आखलेल्या रेषेवरून. एकामागे एक."

"त्यांना लुटारूंचं डोकं लावून बघू?"

त्याच्या लुटारूंची खुबी अशी की एका वेळी दोघंच वार करायचे, बाकीचे भोवती घुटमळत पाळीची वाट बघायचे. हेच त्याने पाण्याच्या टाक्यावर लावलं. दोन बैल पाणी पितात, बाकीचे रेंगाळतात, एक सरला की दुसरा पुढे. रात्री नवाच्या सुमाराला पहिल्यांदा चाललं तेव्हा मघाचा तो प्रोग्रामरसुद्धा खुर्ची ओढून बघायला आला. बग होताच. पाणी पिऊन झालं की बैल खेळाडूवर नजर रोखून उलट्या पावलांनी घाट उतरत होते, म्हणून बगची नोंद, म्हणजे तिकीट, लिहिलं आणि लढाईच्या डिझायनरच्याच नावावर टाकलं.